उत्तर ठाऊक असलेला हात

६ जानेवारी, मंगळवार

१७८ आणि १०४ म्हणे! माझं बीपी! वर्गात शिकायला येणारा न्हावी दंडाचा पट्टा सोडता सोडता इतक्या गंभीरपणे बोलला की मला हसूच फुटलं. म्हटलं, ‘दादा, एवढं असतं तर मी इथं उभी राहून तुम्हाला शिकवलं असतं का? परत घ्या.’ परत घेतलं तर १८०! म्हणजे आणखी दोन पायऱ्या वर! सगळा वर्ग हसला. तोही हसला बिचारा.

पहिल्या आठवड्यात हे असंच चालायचं. कानात नळी, काट्यावर डोळा, बोटांनी हवा सोडायची — तीन कामं एकदम. नवशिक्याला काहीतरी ऐकू येतं आणि तो काहीतरी ठोकून देतो. म्हणून तर मी माझाच हात देते. नर्सच्या नोकरीत, निवृत्त होईपर्यंत माझं बीपी १२०–८०. वॉर्डातल्या पोरी म्हणायच्या, सिस्टर, तुमच्या हातावर यंत्रं लावून तपासून घ्यावीत. गणित शिकवताना उत्तर आधी ठाऊक असलेलं बरं, तसंच हे.

आणि एकमेकांसमोर बाह्या वर करायला सगळे लाजतात. माझी बाही कायम वरच.

९ जानेवारी

वर्गावर आज आरोग्य खात्याकडून निरोप आला. परीक्षा वीस फेब्रुवारीला. वरून डॉक्टर येणार. प्रत्येक गल्लीतला एक माणूस आम्ही तयार करतोय — त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बीपी मोजायचं, मिठाचं सांगायचं, चाला म्हणायचं, तंबाखू सोडा म्हणायचं. ही माणसं पास झाली तर ती गल्लोगल्ली जातील आणि पुढच्या वर्षी नवा वर्ग. नापास झाली तर पाण्याच्या टाकीखालच्या आमच्या वर्गखोलीला कुलूप.

वर्ग बंद म्हणजे मी घरी. घरी म्हणजे काय, ते मला आता चांगलं कळलंय.

११ जानेवारी, रविवार

ताईला जाऊन या महिन्यात वर्ष होईल. दोघी बिनलग्नाच्या बहिणी, दोन खोल्या, एवढी वर्षं. सगळी इमारत आम्हाला थोरल्या आणि धाकट्या म्हणायची. मी अजूनही धाकटीच आहे. कुणाची, ते विचारू नये.

स्वयंपाक तिचा. मी ड्यूटीवरून यायचे आणि झाकलेलं ताट उघडायचे. मिठाचा डबा ती माझ्यापासून लपवून ठेवायची — ‘धाकटे, तुझा हात सैल आहे!’ आता डबा ओट्यावर उघडाच असतो. एकटीसाठी कोण गॅस पेटवणार? ब्रेड, पाकिटातलं सूप, वर मूठभर खारे दाणे. झालं जेवण. परवा वर्गात मी मोठ्ठ्यानं सांगत होते, ‘वरून मीठ नको, पाकिटातलं काही नको!’ — आणि माझ्या पर्समध्ये दाण्यांची पुडी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

१३ जानेवारी

वर्गात वकीलबाई दाखल झाली! आता काय बोलायचं!

वकिली तिनं कधी केलेली नाही. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून ते नाव. आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहते. तिच्या ओल्या कपड्यांचं पाणी आमच्या वाळलेल्या कपड्यांवर पडायचं, त्यावरून ताईचं आणि तिचं वाजलं ते कायमचं. ताईनं तिच्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. मग मीही टाकलं. बहीण बोलत नाही म्हटल्यावर मी कशी बोलणार?

आज येऊन पहिल्या रांगेत बसली. ‘अहो सिस्टर, आमच्या गल्लीतून कुणी नाही, म्हणून आले. काही हरकत?’ मी म्हटलं, ‘सार्वजनिक वर्ग आहे.’ माझा हात घेतला, मोजलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘१८४–१०२.’

मुद्दाम! दुसरं काय.

१६ जानेवारी

आज एक गोष्ट लिहूनच टाकते. इथं कोण वाचणार आहे?

सगळ्यांची पाळी होईपर्यंत माझा हात टेबलावर असतो. कुणी मनगट धरतं, कुणी कोपराखाली उशी सरकवतं, कुणी नाडी शोधत बोटं फिरवतं. न्हाव्याचे हात मऊ. मास्तरांचे थंडगार — निवृत्त गणिताचे मास्तर, एका कानानं कमी ऐकू येतं आणि हौस मात्र दांडगी. ‘सिस्टर, तुमचं हृदय मला मराठीत उत्तर देत नाही!’ म्हणाले आज. आकडा चुकला की मी म्हणते, ‘परत घ्या.’ की पुन्हा ते हात धरतात.

खरं सांगू? ‘परत घ्या’ म्हणायला मला आवडतं.

मंगळवार-शुक्रवार सोडला तर कुणाचं बोट मला लागत नाही. दुकानदार सुट्टे पैसे काचेवर ठेवतो.

२० जानेवारी

सकाळी उठल्यापासून मान आणि मागचं डोकं ठणकतंय. उशी बदलली. ताईची घेतली. ती आणखी वाईट — दगड! ती त्यावर झोपायची कशी?

२३ जानेवारी

आज सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. परीक्षा महिन्यावर आली आणि एकाचाही आकडा धड नाही! १७६, १८२, १९०! टाकीच्या खोलीत सगळ्यांना एकच भूत दिसतंय. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेलं होतं. त्यानं झटकून-बिटकून पाहिलं, ‘सिस्टर, यंत्र ठणठणीत आहे’ म्हणाला. मग उरले कोण? शिकणारे!

मग चूक सापडली मला. हे लोक पट्टा पार दोनशेच्या वर फुगवतात. हात आवळून काळानिळा. घाबरून जातात, कानात आपलेच ठोके ऐकतात. म्हटलं, ‘माझा हात मोडायचाय का? १४० वर थांबा! तिथून सावकाश उतरा. १२० च्या आसपास नीट कान द्या.’

मास्तरांनी तसं केलं. डोळे मिटून बसले. मग हळूच, मला विचारत असल्यासारखे म्हणाले, ‘…१२०?’

मी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. मास्तर लहान मुलासारखे लाजले.

वकीलबाईनं विचारलं, ‘पण १४० वर थांबलं की लगेचच ठोके ऐकू येतात, त्याचं काय?’ म्हटलं, ‘तो आवाज पट्ट्याचा. तिकडे लक्ष देऊ नका.’

३० जानेवारी

हात बसला! एकेकाचा बसला! न्हावी ११८–८०. त्याच्या शेजारची ती शिवणक्लासवाली १२२–७८. मास्तर बरोब्बर १२०–८०, सलग. प्रत्येकाला मी ‘शाब्बास’ म्हटलं. सगळे खूश, मी खूश.

एकटी वकीलबाई १८६. पट्टाही हवा तितका फुगवते. म्हटलं, ‘आख्खी पलटण एका पायावर आणि तुमचा पाय वेगळा?’ ती म्हणाली, ‘मला ऐकू येतं ते मी सांगते. तुम्हाला हवं ते ऐकायचं असेल तर रेडिओ लावा.’

लोक हसले. मला राग आला.

१ फेब्रुवारी

सकाळी तोंड धुताना नाकातून रक्त. हवा कोरडी आहे फार. थोडा वेळ बेसिनला धरून उभी राहिले. चष्म्याचा नंबरही वाढलेला दिसतोय, वर्तमानपत्रातल्या ओळी पोहतात. परीक्षा झाली की डोळेवाल्याकडे जाईन.

६ फेब्रुवारी

वर्ग आज लवकर संपला. सगळ्यांचं बरोबर येतं म्हटल्यावर काय उरलं? पट्टा बांधतात, हवा सोडतात, ‘१२०–८०’, शाब्बास, पुढचा! कुणी दुसऱ्यांदा हात धरत नाही.

घरी येऊन सूप केलं. पाणी दोन भांडी टाकलं. अजून दोघींचंच टाकते मी. मग ते दोन भांडी सूप एकटीनंच प्यायले.

हेच तर हवं होतं ना मला? मग असं का वाटतंय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज व्हायचं ते झालं.

वकीलबाईनं मोजलं, परत मोजलं, मी न सांगता तिसऱ्यांदा मोजलं. नळी कानातून काढली आणि म्हणाली, ‘१९२–१०८. सिस्टर, माझा कान शाबूत आहे.’

माझा तोल गेला. ‘कान नाही हो, तुमची जीभ शाबूत आहे! आयुष्यभर तीच ऐकत आलोय आम्ही, वरून!’

सगळे हसले. ती नाही हसली. मग मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. ‘ताई गेली, आता माझ्यावर सूड उगवताय का? तुमच्या एकटीमुळे सगळा वर्ग नापास व्हायचा. वीस तारखेला तुम्ही येऊ नका. उद्यापासूनच येऊ नका.’

तिनं नळीची नीट घडी केली. टेबलावर ठेवली. दारात वळून म्हणाली, ‘थोरली भांडायची, पण ऐकून घेऊन भांडायची.’

मास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि घाईघाईनं म्हणाले, ‘१२०–८०, सिस्टर. एकदम १२०–८०.’

११ फेब्रुवारी

वरून पाणी गळलं नाही. दोरीवर आज कपडेच नव्हते तिच्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचं वर्ष गेल्याच महिन्यात झालं. कुणाला आठवलं नाही. मलाही दुसऱ्या दिवशी आठवलं — हे मी तेव्हा इथं लिहिलंसुद्धा नव्हतं.

आज जिन्यात वकीलबाई समोरून आली. मी कठड्याकडे सरकले, ती भिंतीकडे. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. मी पिशवीत किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

ताई असती तर संध्याकाळभर बोलायला विषय झाला असता!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या परीक्षा. दुपारी जाऊन खोली झाडली, टेबल पुसलं, मिठाचे आणि चालण्याचे तक्ते सरळ केले. न्हावी येऊन खुर्च्या लावून गेला. म्हणाला, ‘सिस्टर, काळजी करू नका. पाठ आहे सगळ्यांचं.’ पाठ! मी म्हटलं, ‘पाठ काय, पाढे आहेत का?’ तो हसला आणि निघून गेला.

डोकं भणभणतंय. आनंदानं असेल. पास होणार आम्ही. पुढचं वर्षभर मंगळवार-शुक्रवार माझे. नवी माणसं, नवे हात. पहिले काही आठवडे तर त्यांचं चुकणारच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज उठून बसले. गोळ्यांनी आता बरं वाटतंय.

सांगते, जसं झालं तसं. डॉक्टर तरुण मुलगी, शांत. म्हणाली, ‘हात कुणाचा घेताय? नेहमीचाच घ्या.’ मी बाही वर केली. एकामागून एक सगळे आले. १२०–८०. ११८–८०. १२२–८०. १२०–८०. मी ताठ बसले होते. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

शेवटी ती स्वतः बसली. पट्टा फुगवला. १४० वर थांबली नाही. दंड आवळत गेला, आणखी, आणखी. मग हवा सोडली. दुसऱ्या हातावर घेतलं. मग नळी काढून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘सिस्टर, तुमचं शेवटचं कधी मोजलं होतं?’

मी म्हटलं, ‘रोज मोजतात की!’

‘२०४–११६ आहे.’

मी म्हणणार होते — परत घ्या. तोंडात आलंही होतं. पण तिनं दोनदा घेतलं होतं.

ती वर्गाकडे वळली. ‘तुमच्यापैकी कुणालाच हे ऐकू आलं नाही?’ सगळ्यांच्या माना खाली. मग न्हावी पुटपुटला, ‘आधी येत होतं.’ आणि मास्तर, माझे लाडके मास्तर, रडकुंडीला येऊन म्हणाले, ‘सिस्टर १२० म्हटलं की इतक्या हसायच्या… आम्हाला बरं वाटायचं हो.’

डॉक्टर हळू बोलली, पण मला ऐकू आलं. ‘ही माणसं उद्या गल्लीत गेली असती. शंभर जणांना १२०–८० सांगून आली असती.’

मला वाटत होतं मी ऐकायला शिकवतेय. मी हो म्हणायला शिकवत होते. आणि ज्या एकीला हो म्हणता येत नव्हतं, तिला मी सगळ्यांसमोर घालवून दिली.

दोन रात्री दवाखान्यात ठेवून घेतलं. काल सोडलं. मीठ बंद, दाणे बंद, गोळ्या चालू, महिनाभर विश्रांती. वर्ग नापास. खोलीची किल्ली शिपाई दवाखान्यातच येऊन घेऊन गेला. माझ्या उशाशी पर्समध्येच होती, मीच काढून दिली.

२४ फेब्रुवारी

कुणी आलं नाही. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असेल. मलाही वाटते. दुपारी वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेवढाच.

मिठाचा डबा कपाटावर ठेवायला गेले. हात पोचला नाही. ताई उंच होती. डबा पुन्हा ओट्यावरच ठेवला, फडक्याखाली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दार वाजलं. वकीलबाई. हातात झाकलेली वाटी, खांद्याच्या पिशवीत बीपीचं यंत्र आणि गळ्यात नळी — दोन्ही स्वतःच्या पैशानं आणलेली. मी काही बोलायच्या आत घरात आली, ओट्यावरचा डबा फडक्यासकट उचलला आणि काखेत मारला. ‘हा माझ्याकडे राहील. खोली काढून घेतली त्यांनी, आपले कान नाही काढून घेतले. मास्तर आणि न्हावी संध्याकाळी माझ्याकडे येतायत, मी त्यांना दोनशेपासून उतरायला शिकवणार आहे. बस तू. अगं बस ना, धाकटे.’

वर्षभरात कुणी मला तसं म्हटलं नव्हतं.

बसले. तिनं पट्टा बांधला, फुगवला, कान दिला. ‘१६४–९६,’ म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, ‘बरोबर.’

तरी तिनं हात सोडला नाही.